मोठी कंपनी, अनेक कंपन्या आणि विम्याची वाढ : एक आढावा

प्रश्न नेमका कोणता

निघोजे हे खेड तालुक्यातले, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले गाव. महिंद्राच्या चाकण प्रकल्पाच्या पत्त्यात ते येते, फोक्सवागनच्याही येते. कारभार मात्र अजून ग्रामपंचायतीचा. विमा विकायला आलेल्या माणसाला इथे तीन वेगवेगळी गिऱ्हाइके भेटतात. एक, शेकडो कोटींची यंत्रसामग्री असलेले कारखाने. दोन, त्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर: प्रेस शॉप, सीएनसी, पावडर कोटिंग असली जॉबवर्कची कामे करणारे गाळे. तीन, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, त्यांतले पुष्कळसे कंत्राटी.

विम्याचा धंदा वाढतो तो कंपन्या मोठ्या असल्यामुळे की कंपन्या पुष्कळ असल्यामुळे, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे आणि भारतात तो निदान तीनदा धोरणाच्या पातळीवर लढला गेला. वादात एक गोंधळ सतत होतो, तो आधीच सांगून टाकतो. ‘वाढ’ म्हणताना कोणी एका कंपनीच्या हप्त्याची वाढ मोजतो, कोणी साऱ्या क्षेत्राच्या हप्त्याची, तर कोणी विमा नसलेल्या माणसापर्यंत विमा पोहोचला का ते पाहतो. ही तीन मोजमापे एकाच दिशेने जातात असे गृहीत धरले जाते. या लेखात त्याच गृहीतकाची तपासणी आहे.

साताऱ्यापासून महामंडळापर्यंत

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याच्या भांडवलापासून दूर, जिल्ह्याच्या गावी आयुर्विमा कंपनी चालू शकते हे तिने दाखवले. स्वदेशीच्या लाटेत अशा अनेक कंपन्या निघाल्या. काही सचोटीने चालल्या, काही बुडाल्या.

स्वातंत्र्यानंतर बुडालेल्यांचीच चर्चा जास्त झाली. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. आधीच्या दहा वर्षांत 25 आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि आणखी 25 कंपन्यांचा कारभार विमेदारांचे नुकसान सोसून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला, हा त्यांच्या युक्तिवादातला मोठा मुद्दा होता. 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. सातारची कंपनीही त्यात गेली. खेड्यापर्यंत पोहोचायचे तर शंभर अशक्त कंपन्यांपेक्षा सरकारी हमी असलेली एक भक्कम संस्था बरी, हा त्या निर्णयामागचा विचार. ही ‘आकारा’ची बाजू.

सर्वसाधारण विम्यात वेगळी वाट धरली गेली. 1 जानेवारी 1973 पासून 107 कंपन्यांच्या चार करण्यात आल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. वर जीआयसी ही धारक कंपनी. चौघींचा मालक एकच, पण त्यांनी आपसांत स्पर्धा करावी, अशी रचना होती. आगीच्या आणि मोटारीच्या विम्याचे दर मात्र टॅरिफ सल्लागार समिती ठरवी. दर एक, मालक एक. स्पर्धा उरली ती सेवेपुरती. मालक एक असलेल्या कंपन्या खरोखर प्रतिस्पर्धी असतात का, हा प्रश्न पुढे स्पर्धा आयोगापर्यंत पोहोचला. केरळमधल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या निविदांत संगनमत केल्याबद्दल आयोगाने 2015 मध्ये या चार कंपन्यांना मिळून सुमारे 671 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आमचा मालक एकच, तेव्हा आम्ही चौघी मिळून एकच उपक्रम, हा त्यांचा बचाव आयोगाने मानला नाही. अपिलात दंड पुष्कळच कमी झाला.

दार उघडल्यानंतर

मल्होत्रा समितीचा अहवाल 1994 चा, विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा 1999 चा. 2000 पासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. परकी भांडवलाची मर्यादा आधी 26 टक्के, 2015 मध्ये 49, 2021 मध्ये 74 आणि 2025 मध्ये ती 100 टक्क्यांवर नेण्याचा निर्णय झाला. आज देशात आयुर्विमा कंपन्याच पंचवीसच्या वर आहेत. सर्वसाधारण आणि आरोग्य विम्याच्या कंपन्या वेगळ्या.

या पंचवीस वर्षांच्या वाढीचा आलेख सरळ चढत गेलेला नाही. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत हप्ता किती, याला विमाव्याप्ती म्हणतात. 2001-02 मध्ये ती 2.71 टक्के होती. 2009-10 मध्ये 5.20 टक्क्यांवर गेली, 2014-15 मध्ये 3.3 टक्क्यांवर उतरली, कोविडच्या काळात 4.2 पर्यंत चढली आणि 2023-24 मध्ये पुन्हा 3.7 वर आली. त्यात आयुर्विमा 2.8, बाकी सगळा विमा मिळून जेमतेम 1 टक्का. जागतिक सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास आहे.

2010 पर्यंतची झेप आणि त्यानंतरची घसरण, दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. स्पर्धेचे पुरस्कर्ते झेपेकडे बोट दाखवतात. शंका घेणारे विचारतात, विकले काय गेले? त्या काळात शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप योजना धडाक्याने खपल्या, त्यांत सुरुवातीच्या वर्षांचे शुल्क आणि कमिशन भारी होते. सप्टेंबर 2010 पासून नियामकाने शुल्काला लगाम घातला, पैसे काढण्याची बंदी तीनवरून पाच वर्षांवर नेली, आणि खासगी कंपन्यांची विक्री आटली. कंपन्यांची संख्या तीच, स्पर्धाही तशीच. नियम बदलला आणि वाढ गेली. त्या दशकाच्या आकड्यांवरून स्पर्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही सिद्ध करू पाहणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

आकाराच्या बाजूने काय म्हणता येते

विमा हा मुळात मोठ्या संख्येचा धंदा. हजार घरांपैकी यंदा किती जळतील याचा अंदाज चुकू शकतो, दहा लाख घरांचा फारसा चुकत नाही. म्हणून मोठ्या कंपनीला तेवढ्याच जोखमीसाठी भांडवल तुलनेने कमी अडकवावे लागते, फेरविमाही (म्हणजे विमा कंपनीने आपल्या जोखमीसाठी घेतलेला विमा) कमी घ्यावा लागतो. संगणक यंत्रणा, दाव्यांचा विभाग, शाखांचे जाळे यांचा खर्च अधिक पॉलिशींवर वाटला जातो. शिवाय विमेदार आज पैसे देतो ते वीस-तीस वर्षांनी मिळणाऱ्या वचनासाठी, तेव्हा जुन्या आणि मोठ्या नावाचा विश्वासही भांडवलाइतकाच मोलाचा.

अलीकडची विलीनीकरणे याच तर्कावर झाली. एचडीएफसी एर्गोने एल अँड टी जनरल आणि मग अपोलो म्युनिक घेतली. 2021 मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डने भारती अ‍ॅक्साचा सर्वसाधारण विमा घेतला, 2022 मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये एक्साइड लाइफ विलीन झाली. सरकारनेही 2018 च्या अर्थसंकल्पात नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया यांचे विलीनीकरण जाहीर केले होते. 2020 मध्ये मात्र तो बेत सोडून त्यांना भांडवल पुरवण्याचा निर्णय झाला. तीन अडचणीतल्या कंपन्या एकत्र केल्या की एक मोठी अडचणीतली कंपनी होते, असा आक्षेप त्या वेळी घेतला जात होता. तो खरा की खोटा हे प्रयोगच न झाल्याने कळले नाही.

आकाराला उलटी बाजूही आहे. नियामकाने 2020 मध्ये आयुर्विमा महामंडळ, जीआयसी री ही सरकारी फेरविमा कंपनी आणि न्यू इंडिया यांना व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या विमा कंपन्या ठरवले. त्या बुडाल्या तर साऱ्या अर्थव्यवस्थेला धक्का बसेल, म्हणून त्यांच्यावर देखरेख जास्त. आकारामुळे येणारी सुरक्षितता आणि आकारामुळे येणारा धोका एकाच यादीत सापडतात.

स्पर्धेच्या बाजूने काय म्हणता येते

फ्रेंच अभियंता रॉबेर जिब्रा याने 1931 मध्ये एक नियम मांडला: कंपनी किती वेगाने वाढेल याचा तिच्या आकाराशी संबंध नसतो. विम्याच्या अभ्यासकांनी तो अनेकदा तपासून पाहिला. ब्रिटनमधल्या आयुर्विमा कंपन्यांच्या 1987 ते 1996 या काळाचा हार्डविक आणि अ‍ॅडम्स यांचा अभ्यास या विषयात नेहमी उद्धृत होतो. सबंध काळ घेतला तर लहान-मोठ्यांच्या वाढीत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही, पण काळाचे तुकडे पाडले की चित्र बदलत होते. म्हणजे आकार स्वतः फार काही सांगत नाही, त्या वर्षी बाजार कसा होता हे जास्त सांगते.

दुसरा धागा हॅरॉल्ड डेमसेट्झ यांचा, 1973 चा. एकवटलेल्या बाजारात नफा जास्त दिसतो तो मक्तेदारीमुळेच असे नाही, कार्यक्षम कंपन्याच मोठ्या झाल्या असतील, असे त्यांचे म्हणणे. त्याविरुद्ध जॉन हिक्स यांचा 1935 चा विचार आहे: मक्तेदाराला खरी गोडी असते ती निवांतपणाची, त्यामुळे तो खर्च आटोक्यात ठेवायचे कष्ट घेत नाही. भारतीय आयुर्विम्यावर दोन्ही चष्मे लावता येतात. 2024-25 मध्ये पहिल्या वर्षाच्या हप्त्यात महामंडळाचा वाटा सुमारे 57 टक्के होता. बाजार किती एकवटला हे मोजणाऱ्या हर्फिंडाल निर्देशांकात एवढ्यानेच 3,200 च्या वर गुण होतात. अमेरिकी स्पर्धा-नियामक 1,800 च्या पुढे बाजार अतिशय एकवटलेला मानतात. पण 2000 मध्ये हाच वाटा शंभर टक्के होता आणि घटत गेला तरी महामंडळाचा हप्ता एकंदरीत वाढला. पॉलिशींच्या संख्येत महामंडळाचा वाटा हप्त्यातल्या वाट्याहून बराच जास्त, दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. लहान हप्त्याचा विमेदार अजून तिकडेच जातो असा याचा अर्थ.

लहान कंपनी वेगाने वाढते याची पुण्यात दोन उदाहरणे आहेत. येरवड्यात मुख्यालय असलेली बजाज अलियान्झ 2001 मध्ये सुरू झाली आणि सर्वसाधारण विम्यात पहिल्या फळीत पोचली; 2025 मध्ये अलियान्झचा हिस्सा परत घेण्याचा करार झाल्यावर तिच्या नावातून अलियान्झ गेले. तिचे माजी प्रमुख कामेश गोयल यांनी 2017 मध्ये गो डिजिट सुरू केली. तिचे नोंदणीकृत कार्यालय शिवाजीनगरला आहे आणि मे 2024 मध्ये ती शेअर बाजारात आली. जोडी बोलकी आहे खरी, पण दोघींमागे मोठे भांडवल पहिल्या दिवसापासून होते. ‘लहान’ ही इथे वयाची गोष्ट आहे. चिरमुल्यांच्या अर्थाने लहान कंपनी आता निघूच शकत नाही; किमान भांडवलच शंभर कोटींचे आहे.

दराची लढाई

स्पर्धेचा सर्वांत उघड प्रयोग झाला तो 1 जानेवारी 2007 ला. आग, अभियांत्रिकी आणि मोटारीचे स्वतःचे नुकसान या विम्यांचे सरकारी दर उठले. मोटारीचा थर्ड पार्टी विमा मात्र ठरावीक दराचाच राहिला. पुढच्या काही वर्षांत मोठ्या कारखान्यांच्या आगीच्या विम्यावर जुन्या दराच्या तुलनेत प्रचंड सवलती दिल्या गेल्या. असे बरीच वर्षे चालले. 2019 मध्ये जीआयसी रीने काही जोखमींसाठी किमान दराखाली गेलात तर फेरविमा नाही, असा पवित्रा घेतला तेव्हा दर वर आले. म्हणजे स्पर्धेला वेसण घातली ती फेरविम्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने.

आता हा प्रकार निघोजेत आणून पाहू. पुढचे आकडे फक्त हिशेबासाठी आहेत. समजा एका कारखान्याची विमा-रक्कम 2,000 कोटी आणि दर हजारी 30 पैसे. हप्ता होतो 60 लाख. शेजारच्या गाळ्याची विमा-रक्कम 1 कोटी आणि दर हजारी दीड रुपया. हप्ता 15,000. एप्रिलच्या नूतनीकरणात प्रतिस्पर्ध्याकडून तो कारखाना ओढण्यासाठी कंपनीने आणखी 20 टक्के सूट दिली, तर 12 लाख सोडले. 80 गाळ्यांचा वर्षाचा हप्ता तेवढाच आहे. पण कारखान्यासाठी एका टेबलाशी बसावे लागते. 80 गाळ्यांसाठी 80 दारे, 80 प्रस्ताव आणि आग लागलीच तर सर्व्हेअरच्या 80 संभाव्य फेऱ्या. हप्त्याच्या तक्त्यात वरचा नंबर हवा असलेली कंपनी काय करील, हे सांगायला नको.

आणि या देवाणघेवाणीत नवा विमेदार एकही जन्मला नाही, कारखाना आधीही विमेदारच होता. एका कंपनीचा हप्ता वाढला, दुसरीचा घटला, क्षेत्राचा 12 लाखांनी कमी झाला आणि गाळे होते तिथेच राहिले. माझ्या मते साऱ्या वादातला हा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे.

गाळ्यांचा विचार धोरणात झालाच नाही असे नाही. 1 एप्रिल 2021 पासून लहान उद्योगांसाठी प्रमाणित पॉलिसी आल्या: 5 कोटींपर्यंत ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, 5 ते 50 कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. विमा-रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा कमी असेल तर दावा त्या प्रमाणात कापतात. 15 टक्क्यांपर्यंतच्या तुटीला ही कात्री आता लागत नाही. कलमे सर्वत्र सारखी झाल्यामुळे स्पर्धा दर आणि सेवा यांवर व्हावी, अशी अपेक्षा. पण पॉलिसी दारोदार पोहोचवण्याचा, म्हणजे वाटपाचा, खर्च तोच राहिला. आणि काही जागा तर या पॉलिसींच्याही पलीकडच्या. डिसेंबर 2023 मध्ये इंद्रायणीपलीकडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागून कामगार महिलांचे बळी गेले. परवान्याबाहेरच्या अशा जागा विमा कंपनीच्या हिशेबातच नसतात, कंपनी लहान असो की मोठी.

कोणीच आले नाही तेव्हा

स्पर्धेचे दुसरे टोक बीड जिल्ह्यात दिसले. पीकविम्यात कंपन्या जिल्ह्यांच्या समूहांसाठी निविदा भरतात. 2020 च्या खरिपात बीडसाठी कोणी पुढे येईना. कागदावर स्पर्धा होती, प्रत्यक्षात विक्रेता नव्हता. शेवटी सरकारी कृषी विमा कंपनीने जबाबदारी घेतली, तीही 80-110 या सूत्रावर: भरपाई हप्त्याच्या 80 टक्क्यांहून कमी आली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे, 110 टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्याने उचलायचा. पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून ते गाजले.

राज्याने 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा दिला, अर्जांचा पूर आला आणि 2025 मध्ये ती सवलत मागे घेतली गेली. या काळातली हप्त्याची वाढ कंपनीच्या आकाराने आलेली नाही, स्पर्धेनेही नाही. ती अर्थसंकल्पातून आली. मोटारविम्याचेही थोडेफार तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. चाकणमधून जितक्या गाड्या बाहेर पडून विकल्या जातात तितक्या पॉलिसी आपोआप निघतात. ‘स्पर्धेमुळे वाढ’ असे लिहिताना ही सक्तीची वाढ आधी वजा करायला हवी. फार थोडे विश्लेषक ती करतात.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न वाटपाचा. कंपन्या पुष्कळ असल्या तरी बँकेचा काउंटर एकच असेल आणि त्यावर एकाच घराण्याची पॉलिसी विकली जात असेल, तर स्पर्धा नेमकी कुठे आहे? खासगी आयुर्विम्यातल्या आघाडीच्या कंपन्यांमागे मोठ्या बँका आहेत. विमेदारासाठी स्पर्धा होते त्याआधी बँकेच्या करारासाठी होते. ‘बिमा सुगम’ ही उभी राहत असलेली सामायिक ऑनलाइन बाजारपेठ हे बदलेल असे तिचे समर्थक म्हणतात.

दुसरा कामगारांचा. मासिक 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो, भविष्य निर्वाह निधीसोबत 7 लाखांपर्यंतचा विमा असतो. या दोन्ही सक्तीच्या, बिनस्पर्धेच्या व्यवस्था, आणि निघोजेतल्या खोल्यांत राहणाऱ्या अनेकांचे तेवढेच छत्र. ठेकेदार बदलला, मध्ये दोन महिने काम नव्हते, तर त्यातही खंड पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला, गटविम्यावर मात्र 18 टक्के राहिला. मालकामार्फत मिळणारा विमा यामुळे आक्रसेल की माणसे स्वतः विमा घेऊ लागतील, यावर दोन्ही बाजूंनी अंदाज बांधले जात आहेत.

तिसरा मोजमापाचा. आपल्याकडचे आकडे कंपनीनिहाय आणि फार तर राज्यनिहाय. त्यांवरून कंपनी वाढली की नाही ते कळते, गाव झाकले गेले की नाही ते कळत नाही. नियामकाच्या 2024 च्या नियमांनी ग्रामीण जबाबदारीचे एकक ग्रामपंचायत धरले आहे: पहिल्या वर्षी 25,000 ग्रामपंचायती कंपन्यांमध्ये वाटून प्रत्येकीतली किमान 10 टक्के माणसे, घरे-दुकाने आणि वाहने विम्याखाली आणायची. या नियमाच्या लेखी कोट्यवधींचे कारखाने पोटात घेतलेले निघोजेही ग्रामपंचायतच. दहा टक्क्यांचे लक्ष्य एखाद्या कंपनीने इथे गटविम्याच्या एका करारात गाठले तर तिला दोष देता येणार नाही, पण गाळे आणि खोल्या त्यात आल्या का हेही समजणार नाही. म्हणून प्राधिकरणाने ग्रामपंचायतनिहाय आकडे जाहीर करावेत, पॉलिशींच्या संख्येसोबत विमा-रक्कम आणि मंजूर दावेही द्यावेत, आणि सक्तीचा, गटाचा व स्वेच्छेचा विमा वेगवेगळा दाखवावा. ते झाल्याखेरीज ‘आकार की स्पर्धा’ या वादात कोणत्याही बाजूने निकाल देणे घाईचे ठरेल.